आईच्या पोटातलं तेजाब

अण्णा,

तुमची वही काल चुलीत घालायला काढली आणि वाचतच बसले. सगळी उर्दूत, सुबक अक्षरात. जवारी आणि मिरची खाणाऱ्यांच्या पोटात तेजाब, म्हणजे आम्ल, किती, हा तुमचा विषय. आईचं नाव त्यात कुठंच नाही. ती नुसती 'नमुना पहिला' आहे. दुसरा नमुना नाहीच, कारण वालूरचे शेतकरी तुमची रबरी नळी बघूनच उठून गेले होते. नळी गिळायला हक्काचं माणूस घरात एकच होतं.

हैदराबादेहून रसायनशास्त्र शिकून आलेला सेलूतला एकटा मास्तर, याचा केवढा ताठा तुम्हाला! निजामाच्या शाळेत दिवसभर उर्दूतून शिकवायचं आणि सकाळी स्वयंपाकघरात आईवर प्रयोग करायचे. आधी तिला पातळ कण्या पाजायच्या. तासाभरानं नळी. ती पाटावर बसलीय, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तुम्ही म्हणताय, "हलू नको." पोटातून ओढलेल्या पाण्यात तुम्ही काचेच्या नळीतून सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचात आणि रंग गुलाबी झाला की थांबायचात. जितकं तेजाब, तितके थेंब. ते थेंब मोजताना तुमचा चेहरा किती मायाळू व्हायचा. तिच्याकडे बघताना तसा झालेला मला एकदाही आठवत नाही.

कण्यांनंतर नळीपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, हा तुमचा नियम. एकदा तिनं मधेच घोटभर पाणी प्यायल्याचं कबूल केलं, तर तुम्ही भांडं मोरीत उपडं केलंत. "सत्यानाश केलास माझ्या कामाचा!" तुमचा आवाज गल्लीभर गेला. त्या दिवसापासून काय खाल्लं, काय प्यालं हे आईनं तुम्हाला सांगणंच सोडलं. कण्या पोटात गेल्या की तिची आग आग व्हायची. तुम्ही आडावर अंघोळीला गेलात की ती डब्यातला पापडखार पाण्यात कालवून घटाघटा प्यायची. पापडखाराची पुडी बाजारातून मीच आणायची. मी अकरा वर्षांची होते. "लय जळजळ व्हायलीय गं माय," ती म्हणायची, "ह्यानं जरा थंड वाटतंय. त्यांना सांगू नको, त्यांचं काम बिघडंल."

मग दोन-चार थेंबांतच रंग फिरायला लागला आणि तुम्ही हरखलात. "हिच्या पोटात तेजाबच न्हाई! मिरची खाऊन खाऊन आटलंय!" तेवढा शोध लावून गप्प बसला असतात तरी आई वाचली असती. पण तुम्हाला तिच्या दुखण्याचं कारणही त्यातच सापडलं. जे कमी आहे ते भरून काढायचं, असं पुस्तकात लिहिलेलं. दोन्ही वेळच्या जेवणानंतर तुम्ही तिला पाण्यातून तेजाबाचे थेंब पाजायला लागलात. जळत्या पोटात तेजाब! ती म्हणाली, "अहो, ह्यानं जास्तच जळायलंय." तुम्ही वहीतून मान वर न काढता म्हणालात, "जळायलंय म्हणजे लागू पडायलंय. तुझ्यापेक्षा आकड्यांना जास्त कळतं."

चैत्रात तिला रक्ताची उलटी झाली. पिंगळीहून वैद्य येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या दिवशीच्या पानावर तुम्ही दोनच शब्द लिहिलेत. 'नमुना बंद.' मी ते काल पहिल्यांदा वाचले. तुम्ही जिवंत असता तर वही तुमच्या तोंडावर फेकली असती.

पुढे मीही तेच शास्त्र शिकले, त्यावरच पोट भरलं. नमुना देणाऱ्याला आधी विचारा, काय खाल्लं, काय प्यालात, हे मुलींना शिकवता शिकवता केस पिकले. तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. वही उद्या चुलीत जाईल आणि तिच्यात घडी घालून हे पत्रही.

जळणारच आहे तर एक लिहून टाकते. लिटमसचे कागद मला तुम्हीच दिले होते, दिवाळीला. चुलीपुढं बसवून लिंबाच्या रसात पापडखार टाकून दाखवला होता. "बघ, खार आणि तेजाब एकमेकांना मारतात." मला ते पाठ होतं. तुमचे थेंब का कमी लागताहेत, हे मला पहिल्याच सकाळी कळलं होतं. तुमच्या भीतीनं गप्प राहिले, असंच मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तुम्ही इतक्या ऐटीत चुकत होतात, अण्णा, आणि मला ते बघायला आवडत होतं.