बेल चालू होती

२ जानेवारी
नवी रोजनिशी. गेल्या वर्षीची मार्चपर्यंतच टिकली. दोष माझा नव्हता. कागद असा होता की शाई फुटे.
संकल्प तीन. कंपनीचा कायदेखर्च निम्म्यावर आणणे. रोज व्यायाम. वकिलाशी बोलताना आवाज चढू न देणे.
आमची कंपनी लिफ्ट बनवते. साठी उलटून कितीतरी वर्षे झाली तरी मला मुदतवाढ मिळत आली आहे, कारण कंपनीविरुद्धचे दावे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाहीत. दाव्यांचे काही नसते. महाग पडतात ते आपले वकील.

५ जानेवारी
सकाळी मुख्य दाव्याची फाइल पुन्हा वाचली. एक वयस्कर शिंपी आमच्या लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये अडकला. दार उघडेपर्यंत संध्याकाळ सरली होती आणि त्याचे हृदयही थांबले होते. दावा त्याच्या पत्नीने लावला आहे. आमच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, स्पष्ट म्हटले आहे: बेल चालू होती. मयताने ती दाबली नाही.
वादी बाईंचे म्हणणे असे की हे वाक्य मागे घ्या, मी दावा मागे घेते. बाकी काही नको. आपला नवरा असा निष्काळजी नव्हता, एवढेच कंपनीने म्हणावे.
वाक्य माझे आहे. वकिलाच्या मसुद्यात या जागी 'कंपनीच्या समजुतीप्रमाणे', 'उपलब्ध माहिती पाहता' असला पाऊण पानाचा पसारा होता. वकील पानामागे पैसे घेतो. मी पसारा छाटला. दोन वाक्यांत विषय संपला. अशी वाक्ये हल्ली लिहिली जात नाहीत. ती मागे घेणे शक्य नाही.

९ जानेवारी
वकिलाचे बिल. त्यात एक बाब: मागील बिलाविषयी आपले तक्रारपत्र वाचणे. पत्र चौदा पानी होते हे मान्य. पण ते मी फुकट लिहिले होते.
उत्तर लिहायला बसलो. आवाज चढू दिला नाही. पत्रात तो चढतच नाही, हा पत्राचा फायदा.

१४ जानेवारी
न्यायालयात तारीख. गेली काही वर्षे प्रत्येक तारखेला मी स्वतः जातो, म्हणजे ज्युनिअर वकिलाचे शुल्क वाचते. वकिलाला बजावले आहे की मी हजर असल्याचे पुकारण्याची गरज नाही. आपण मागच्या बाकावर बसून नुसती नजर ठेवायची. नजरेचा परिणाम होतो.
वादी बाई त्याच बाकावर असतात. मला पाहताच त्यांनी कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली. हादरल्या आहेत.
पुढची तारीख मिळाली. आपले धोरणच ते आहे: समोरचा थकतो.
संध्याकाळी वकिलाचा फोन. आज न्यायालयात काय झाले ते सविस्तर सांगितले. मी तिथेच होतो, असे म्हणालो. तरीही कळवण्याचे शुल्क लागू आहे म्हणे.

२१ जानेवारी, सकाळी ७
दाराची बेल. उघडले. कोणी नाही.
पुन्हा बेल. पुन्हा कोणी नाही. सौ. म्हणाल्या, बेल वाजलीच नाही, तुम्ही सारखे कुणाला दार उघडताय. त्यांचे कान पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. सांगितले नाही, वाईट वाटेल.

२७ जानेवारी
ऑफिसातही. टायपिस्ट मुलीला विचारले की ही बेल कोण वाजवते आहे. कुठली बेल, असे तिने विचारले. या पिढीचे लक्ष नसते.
ऑफिस चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आमचीच, उत्तम स्थितीतली. मी जिन्याने जातो. संकल्प दुसरा.

३० जानेवारी
जिन्यात धाप लागून मधल्या पायरीवर बसलो होतो. कंपनीच्या मालकांची मुलगी, ज्यांना सगळे धाकट्या बाई म्हणतात, त्या लिफ्टने वर जाता जाता जाळीतून दिसल्या. त्यांनी नुकताच वडिलांचा कारभार हाती घेतला आहे. मी वर पोहोचल्यावर म्हणाल्या, काका, लिफ्ट बंद आहे का? मी म्हटले, छे, अगदी चालू आहे. मग जिन्याने का? व्यायाम. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. आदर असावा.

४ फेब्रुवारी
कानाचे डॉक्टर. कान लहान मुलासारखे स्वच्छ आहेत, असे म्हणाले. बेल कशी वाजते, सलग की थांबून थांबून? मी नेमके वर्णन केले: कोणीतरी दाबतो, थांबतो, वाट पाहतो, पुन्हा दाबतो. मग जरा जास्त वेळ दाबून धरतो.
डॉक्टरांनी लिहिणे थांबवले. झोप कशी लागते, असे विचारले.
झोपेचा काय संबंध? फी मात्र घेतली. वकील आणि डॉक्टर, दोघांचीही शिकवण एकच.

११ फेब्रुवारी
तारीख. आज न्यायाधीशांनी आमच्या वकिलाला विचारले की मयताने बेल दाबली नाही हे कोण शपथेवर सांगणार? आत तर तो एकटाच होता. वकील माझ्याकडे वळून पाहू लागला. मी बाहेर पाहिले.
नंतर व्हरांड्यात वकील चिडून बोलला. साहेब, म्हणूनच मी तिथे समजुतीप्रमाणे वगैरे घातलं होतं, तुम्ही ते सगळं छाटलंत, आता साक्षीदार कुठून आणू? लिफ्टची देखभाल करणारा मेकॅनिक तर नोकरी सोडून गेला. जाताना म्हणाला की ती बेल कुठे वाजते तेच मी कधी पाहिलं नाही.
शांतपणे म्हटले, साक्षीदार मी होईन. साक्षीदाराचा भत्ताही वाचेल. वकिलाने डोळे मिटले. प्रभावित झाला.
न्यायाधीश बोलत असताना वादी बाई पदराच्या टोकाने डोळे टिपत होत्या. मीही चष्मा पुसला. न्यायालयात धूळ फार.

१६ फेब्रुवारी, दुपारी
साक्षीची तालीम. सौ. यांना विरुद्ध पक्षाचा वकील केले. खुर्चीवर ताठ बसवले.
त्यांनी विचारले, त्याने बेल दाबली नाही हे तुम्हाला कसे कळले?
मी: कोणालाही ती ऐकू आली नाही, म्हणून.
त्या म्हणाल्या, अहो, मी स्वयंपाकघरातून दिवसभर तुम्हाला हाका मारते, तुम्ही एकीलाही ओ देत नाही. म्हणजे मी हाका मारल्याच नाहीत का?
हा प्रश्न प्रस्तुत नाही, असे मी नोंदवले. तालीम तहकूब.

१७ फेब्रुवारी
सकाळपासून तीन वेळा. दाबतो, थांबतो, दाबतो.
आता मी दार उघडायला जात नाही. फक्त जागेवरून उठतो.

२३ फेब्रुवारी
कायदेखर्चाचा तक्ता धाकट्या बाईंना दिला. खर्च निम्म्यावर यायचा होता, तो दुपटीवर गेला आहे. पण त्यातला मोठा भाग खर्च कमी करण्याबाबतच्या पत्रव्यवहाराचा आहे, हे तळटिपेत दिले. तळटीप फार चांगली उतरली आहे.
त्यांनी तक्ता बाजूला ठेवला. काका, तो शिंपी जिथे गेला त्या इमारतीत तुम्ही कधी गेला आहात का? मी म्हटले, जाण्याची गरज पडली नाही, फाइल संपूर्ण आहे. त्या म्हणाल्या, उद्या जाऊ.

२४ फेब्रुवारी
इमारत साधी, सहा मजली. जिन्यात फिनेलचा वास. लिफ्टच्या दारावर कोणीतरी नखाने चंद्र कोरला आहे.
धाकट्या बाई एकट्याच लिफ्टमध्ये शिरल्या. दोन मजल्यांच्या मध्ये थांबवते, मग बेल दाबते, तुम्ही खाली उभे राहून ऐका, असे सांगितले. लिफ्ट वर गेली. थांबली.
लगेच बेल ऐकू आली. स्वच्छ. थांबून थांबून. मी ओरडून सांगितले की आली, ऐकू आली, अगदी चालू आहे!
वरून आवाज आला: काका, मी अजून बटणाला हात लावलेला नाही.
मी रुमालाने कान पुसले.
मग त्यांनी खरेच दाबली. हे त्यांनी नंतर सांगितले, कारण मला काहीच ऐकू आले नाही. वरून बाई ओरडून विचारत होत्या, आली का, आता आली का, आणि मी मान हलवत होतो. मान वर दिसत नाही हे उशिरा लक्षात आले.
चौकीदाराला बोलावले. तो म्हणाला, बेल ना, ती चौकीदाराच्या जुन्या खोलीत आहे. फाटक मागच्या बाजूला हलवले तेव्हापासून ती खोली कुलूपबंद. कुलूप गंजलेले होते, ओढताच निघाले. दार ढकलले. आत मोडक्या खुर्च्या, रंगाचे रिकामे डबे, आणि भिंतीवर आमच्या कंपनीची बेल. धाकट्या बाईंनी बटण दाबूनच ठेवले होते. ती वाजत होती. सुरेख, खणखणीत.
बेल चालू होती. माझे पहिले वाक्य अचूक ठरले.
परतताना गाडीत धाकट्या बाई म्हणाल्या, दुसरं वाक्य आपण काढून टाकतोय, काका. मी म्हटले, तो आजवरच्या धोरणाचा पराभव होईल. त्या म्हणाल्या, होऊ दे. आणि तुमची साक्ष नको.
खिडकीबाहेर पाहत राहिलो. साक्ष तोंडपाठ झाली होती.

३ मार्च
शेवटची तारीख. मी मागच्या बाकावर, वादी बाईंच्या शेजारी. त्यांनी नेहमीप्रमाणे पिशवी मांडीवर घेऊन जागा केली.
धाकट्या बाई स्वतः उभ्या राहिल्या. सांगितले की बेल एका बंद खोलीत वाजते, त्या संध्याकाळी तिथे कोणी नव्हते, हे आम्ही पाहायला हवे होते. गेलेल्या गृहस्थांनी बेल दाबली नाही असे आम्ही म्हटले, ते म्हणायला आमच्याकडे काहीच आधार नव्हता. ते वाक्य आम्ही मागे घेतो. क्षमा मागतो. आम्ही लावलेली प्रत्येक बेल आता माणसे असतील तिथे वाजेल.
न्यायाधीशांनी लिहून घेतले. सगळे मिळून चहा निवायला लागतो तेवढा वेळ. वकिलाचे मौनाचे बिल येईल का, हा विचार मनात आला.
वादी बाईंनी पिशवी जवळ ओढली. मग स्वतःशीच म्हणाल्या, दाबली होती हो त्यांनी, दाबणारच, घाबरट होते बिचारे.
मला काहीतरी बोलायचे होते. साक्षीतले एकही वाक्य उपयोगाचे नव्हते.
मग त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, भाऊ, आमचं एकदाचं झालं. इतकी वर्षं बघते आहे, प्रत्येक तारखेला तुम्ही असे उतरलेल्या चेहऱ्याने येऊन बसता, कोणी तुमचं नावसुद्धा पुकारत नाही. तुमचं कोण गेलं त्या लिफ्टमध्ये?
मी चष्मा काढून पुसू लागलो. त्यांनी ते समजून घेतले. पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि उठल्या. जाता जाता म्हणाल्या, धीर सोडू नका. ही कंपनी वाईट नाही, उशिरा का होईना कबूल करते. तुमचाही निकाल लागेल.