आखूड पडदे

रविवार, संध्याकाळ. द्वारका, दिल्ली.

मंदार मागे म्हणाला होता, "बाबा, आपला हॉल अजून सरकारी क्वार्टरसारखाच दिसतो." खरंच होतं ते. सुमन गेल्यापासून दीड वर्ष मी कशालाच हात लावला नव्हता. शनिवारी तो आणि सूनबाई गुरुग्रामहून राहायला येणार, म्हणून स्वस्तात निदान पडदे तरी बदलू म्हटलं.

सकाळी सरोजिनी नगरहून पिवळे पडदे आणले. दुकानदार म्हणाला, "भाभीजी को दिखा लीजिए, पसंद न आएँ तो बदल देंगे." मी म्हणालो, "जी, बिल्कुल." का म्हणालो? सरळ सांगता आलं असतं. पण दीड वर्षात पहिल्यांदाच कुणीतरी ती घरी आहे असं धरून बोललं, आणि मला ते मोडवेना.

लावून बघितले तर वीतभर आखूड. मापं सुमन घ्यायची, मी फक्त पिशवी धरायचो. मंदारला फोटो पाठवला, तर लगेच फोन. "बदलून आणा ना बाबा, देईल तो."

"बघतो," म्हणालो. पण जाणार नाही. दुकानदार भाभीजींचं विचारणारच, आणि त्यांना आवडले नाहीत, असं खोटं त्याच्या तोंडावर सांगणं मला जमणार नाही.

शेवटी दिवाण एकट्यानंच ओढत खिडकीखाली आणला. खालची फट झाकली गेली. त्यावर बसून पाहिलं, तर हॉल खरंच छान दिसतोय. मंदारला शनिवारी दिसेलच. पण मला तो आजच कुणाला तरी दाखवायचा होता.