काळी गाडी सुरू करू नका

बाबा,

काळी गाडी सुरू करू नका, किल्ली मी बरोबर नेली आहे. काल तुम्ही तिला बसवलेला डिस्ट्रिब्युटर पुढच्या सालच्या मॉडेलचा आहे. जागेवर बरोबर बसतो, बोल्टही लागतो, पण त्याचा दांडा नखभर लांब आहे. सकाळी पिल्लू पाळण्यात झोपलेलं असताना मी इंजिन हाताने फिरवून पाहिलं, तर दांडा खाली घासत होता. स्टार्टर मारला असता तर आतला गिअर गेला असता. जुना डिस्ट्रिब्युटर परत बसवलाय, पण ठिणगीचं टायमिंग लावायच्या आत पिल्लू रडत उठलं. अंग तापलंय त्याचं, म्हणून डॉक्टरकडे निघाले.

रागावू नका. दोन दांडे शेजारी धरून मापायचं तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हा तुम्हाला चष्मा लागत नव्हता. आता लागतो, पण तुम्ही कबूल करत नाही, ते असो.

गाडीचे मालक अकराला येणार होते, आता संध्याकाळी येतील. चूक माझ्या हातून झाली, असं मी त्यांना फोनवर सांगितलंय. तुम्ही उगाच खरं बोलायला जाऊ नका.

टायमिंग मी आल्यावर लावू. खुणा मी बघते, इंजिन तुम्ही ऐका. तुमच्यासारखा कान मला अजून आलेला नाही.