ठ ढ ळ आणि माझी पीएचडी

भनपुरी, रायपूर
रविवार

आदरणीय मामाजी,
सविनय जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी पाठवलेलं तेल आईने लावलं. तिचा गुडघा तसाच आहे, पण शेजारच्या मांजरीने आमच्याकडे येणं सोडलं. पत्र मुद्दाम टपालाने पाठवून राहिलो, कारण फोनवर तुम्ही लगेच "मुद्द्यावर ये" म्हणता, आणि मुद्द्याचीच मला भीती वाटते.

तर मामाजी, तुमचा भाचा प्रशिक परवा डॉक्टर झाला. (सुईवाला नाही. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मीराबाईंना हे तीनदा सांगितलं, तरी बीपी मोजायला येतातच.) सात वर्षांपूर्वी आमचे गाईड शिशिर सर म्हणाले होते, "कोणी केलं नाही असं काहीतरी कर." विषय साधाच होता: दाण्याच्या मापावरून धानाचं वाण ओळखायचं. सगळे पायथनमध्ये प्रोग्राम लिहितात, म्हणून मी एपीएल नावाची कॉम्प्युटरची जुनी भाषा धरली. तिच्यात अक्षरं कमी आणि चिन्हंच जास्त: उलटे त्रिकोण, काठी घुसलेले गोल, टोपी घातलेले चौकोन. जे इतरांना पानभर लागतं ते तिच्यात एका ओळीत होतं, फक्त ती ओळ दुसऱ्या दिवशी आपल्यालाच समजत नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "एपीएल? आपलं रेशन कार्ड तेच तर आहे. त्याच्यात सात वर्षं काय करून राहिला बे?"

बाहेरच्या परीक्षकांनी पहिल्यांदा प्रबंध परत पाठवला. शेरा होता, 'परिशिष्टातील प्रोग्राम वाचता येत नाही.' वाचता येण्यासारखा तो नव्हताच, पण हे लिहून कसं देणार? मी समजावणीची चार पानं जोडली आणि शंकर नगरच्या पिंकी दीदीकडे छपाई-बांधणीला टाकलं. दीदी हुशार. लग्नपत्रिकेतली नावं बघून पोट्टा-पोट्टीचं जमेल का तेही सांगते. शेवटच्या तारखेला दुपारी तीन वाजता सोनेरी अक्षरांच्या पाच प्रती हातात आल्या. नवा रायपूरची बस निघायलाच आली होती (ती चुकली असती तर पुढची कधी येईल हे ड्रायव्हरलाही माहीत नसतं), म्हणून धावत चढलो, आणि बसमध्ये परिशिष्ट उघडलं. त्रिकोण गायब, गोल गायब. पानंच्या पानं नुसतं 'ठ ढ ळ ठ ठ'.

फोन केला. दीदी खुशीत होती. "भैया, पूरा फॉन्ट फट गया था! एक-एक चिन्ह बैठके ठीक करी हूँ. जो जिसके जैसा दिखा, वो डाल दिया." मी म्हटलं, "दीदी, वही तो प्रोग्राम था!" ती म्हणाली, "हव भैया, अब पढ़ने में आ रहा है ना?"

पोचलो तेव्हा विद्यापीठाचं ऑफिस बंद व्हायला वीस मिनिटं होती. प्रती जमा केल्या. दुसरं काय करणार होतो?

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाबा रेल्वेतून रिटायर होतानाचा कोट घालून बाहेर पेढे घेऊन बसले होते. आत परीक्षकांनी नेमकं तेच परिशिष्ट उघडलं. शिशिर सर पंख्याकडे बघत होते. परीक्षक बराच वेळ वाचत राहिले, मग म्हणाले, "हाँ, अब काफी सुलझा हुआ है. ये ठ-ढ वाली पंक्ति समझाइए." मामाजी, मी समजावली. ठ म्हणजे लांबी, ढ म्हणजे रुंदी, आणि दाणा तुटका असला की ळ. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. (झोपले नव्हते, कारण सही स्वतः केली.) बाहेर येऊन सांगितलं तर बाबांनी पेढ्याचा डबा उलटा उघडला, पेढे जमिनीवर सांडले, आणि ते वेचायच्या निमित्ताने बराच वेळ खालीच वाकून राहिले.

मामींना व श्रावणीला जय भीम.

तुमचा भाचा,
डॉ. प्रशिक

ता.क. १: तुम्ही गुरुजी, तुमच्याशी खोटं काहून बोलू? सात वर्षांचं उत्तर मी एक्सेलमध्ये ताडून पाहिलं. बरोबर निघालं. अर्धा तास लागला.

ता.क. २: आता मुद्दा. परीक्षक इतके खूश झाले की शिशिर सरांनी या भाषेची पाच दिवसांची कार्यशाळा जाहीर केली. दोन तज्ज्ञ लागतात. दुसरे म्हणून मी तुमचं नाव दिलं, पोस्टरही छापलं. घाबरू नका. तुम्ही फक्त फळ्यावर लिहायचं, काहीही लिहा. चौतीस वर्षं शाळेत तुमचं अक्षर कोणाला लागलं नाही, आणि विचारायची हिंमतही कोणी केली नाही.