सळई तुटली की लाईन तुटली, याचा निर्णय होणेबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
दूरस्थ प्रयोगशाळा कक्ष,
अभियांत्रिकी पदविका विभाग

विषय : ताण चाचणीच्या प्रात्यक्षिकात मिळालेल्या शून्याचा फेरविचार होणेबाबत.
संदर्भ : १) आपले परिपत्रक, ‘हलेल तेवढेच दिसेल’. २) प्रयोगशाळेतील शिपाई मामांचा फोन, सकाळी अकरा वाजून चार मिनिटे.

महोदय,

अर्जदार नापास झाला आहे. तथापि असे काही घडलेच नाही, असे गृहीत धरून पुढील मजकूर वाचावा, कारण अर्जदाराच्या घरी अद्याप तेच गृहीत धरलेले आहे. एक तारखेला कारखान्यात प्रमाणपत्रासह हजर व्हावे, असे नोकरीचे पत्र आईने कपाटाच्या दाराला आतून चिकटवले असून येणाऱ्या-जाणाऱ्यास ती ते कपाट उघडून दाखवते. कपाटात दाखवण्यासारखे दुसरे काही नाही.

१. लोखंडी सळई यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढणे, असा सदर प्रयोग आहे. यंत्र प्रयोगशाळेत, विद्यार्थी आपापल्या घरी आणि मध्ये साठ जणांत मिळून इंटरनेटची एक लाईन. ती पुरत नसल्याने आपण परिपत्रक काढले की, आवाज ही चैन असल्याने तो बंद राहील, आणि चित्रात जे हलेल तेवढेच पाठवले जाईल. जे स्थिर आहे ते विद्यार्थ्याने मघाचेच आठवावे. अर्जदारास योजना पटली होती.

२. परंतु सळई तुटेपर्यंत हलत नाही. यंत्राशेजारी स्टुलावर बसलेले मामा मात्र पाय हलवतात. त्यामुळे संपूर्ण लाईन मामांच्या उजव्या पायाच्या सेवेत रुजू झाली. पायाचा अंगठा, चपलेचा उसवलेला पट्टा, सारे लख्ख दिसत होते. तुटण्याआधी सळईची कंबर बारीक होते, असे पुस्तकात आहे. अर्जदारास कंबर दिसली ती मामांची, आणि ती बारीक होण्याची चिन्हे नव्हती. आईने मागून डोकावून त्या माणसाला वाताचा त्रास आहे का, अशी चौकशी केली.

३. त्या सकाळी लाईन चार वेळा तुटली. प्रत्येक वेळी मामांनी फोन करून “तुटली” एवढेच सांगितले, अर्जदाराने “जोडा” म्हटले, आणि मामांनी वायर काढून पुन्हा खोचली. अकरा वाजून चार मिनिटांनी चित्र पुन्हा गोठले आणि पाचवा फोन आला.

“तुटली रे.”

“मग जोडा ना मामा, रोजचंच आहे.”

 मामा म्हणाले, “बरं. साहेब तू.”

४. महोदय, या वेळी सळई तुटली होती. मामांची सेवा बावीस वर्षे झाली असून ‘का’ हा शब्द त्यांनी कार्यालयीन वेळेत कधी वापरलेला नाही. त्यांनी दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून काळ्या चिकटपट्टीने गुंडाळले आणि यंत्रात परत बसवले. चित्र आले तेव्हा सळई अखंड उभी होती. मधला काळा डाग अर्जदारास कॅमेऱ्यावरचा वाटला. सर्वाधिक भार दाखवणारा काटा त्याच्या सवयीप्रमाणे वरच अडकून होता. अर्जदाराने दिसले ते लिहिले : ‘पूर्ण भार सोसूनही सळई तुटली नाही.’ परीक्षकांनी त्याखाली लाल शाईने विचारले आहे, ‘सळई आहे की सून?’ आणि शून्य दिले आहे.

५. लाईन अर्जदारापाशीच संपल्याने उर्वरित एकोणसाठ विद्यार्थ्यांच्या पडद्यावर सकाळभर अंधार होता. त्यांनी मागच्या वर्षीच्या वहीतून निष्कर्ष उतरवला. सर्वांची सळई एकाच भाराला तुटली, सर्वांनी वहीतल्या चुकीसह ‘तुटळी’ असेच लिहिले, आणि सर्व उत्तीर्ण झाले. एकाची तर चाचणीच्या आदल्या दिवशीच तुटली. त्यास प्रथम श्रेणी आहे. ज्याने पाहिले तो एकटा नापास, हा योगायोग समजावा की धोरण, हे कळवावे, म्हणजे पुढील परीक्षेस डोळे मिटून बसता येईल.

६. अर्जदाराने मामांस साक्षीबद्दल विचारले. सळई जोडली असे लेखी दिले तर चिकटपट्टी कुणाच्या मंजुरीने वापरली हे निघेल, आणि निवृत्तीला चार महिने उरलेत, असे ते म्हणाले. म्हणताना पाय हलत नव्हता. अर्जदाराने विषय तिथेच सोडला.

सबब विनंती की, सळईस आपल्या दालनात समक्ष पाचारण करून ती केव्हा, कुठे व किती वेळा तुटली याबाबत तिचा लेखी जबाब नोंदवावा. जबाब देताना मामांचे नाव घेण्याची सक्ती तिला करू नये. आणि तिचा जबाब प्राप्त होईपर्यंत येत्या महिन्याची एक तारीख पुढे ढकलण्यात यावी.

आपला नम्र, व लाईन टिकल्यास आज्ञाधारक,
आसन क्रमांक ४१७

दिनांक : निकालानंतरचा नववा दिवस, घरच्या हिशेबाने निकालाआधीचा.

सोबत :
१) मामांच्या उजव्या पायाचा आलेख (मिनिटाला एकशे बारा वेळा).
२) सळईचे छायाचित्र, नग एक. परीक्षकांच्या मते नग दोन.