दुसऱ्या मोराचा पिसारा

१० ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ.
भिवापूरचे व्याही येऊन गेले. नूपुरचं साक्षगंध मागच्याच आठवड्यात झालं, आज लग्नाची तारीख पक्की केली. तीस नोव्हेंबर. जावई सुशील इथंच शहराबाहेर वाडीला एका गोदामात मॅनेजर आहे, घरची मिरचीची शेती. माणसं साधी. (हे म्हणाले, साधी नको म्हणू, चांगली म्हण. बरं, चांगली.)

विहीणबाईंचं नाव प्रेमिलाबाई. मला ईनबाई म्हणतात. चहा पिता पिता विचारलं, ईनबाई, रुखवतात तुमच्या हातचं काय मांडसान? आता रुखवत म्हणजे नवरीकडच्या हातकामाचं प्रदर्शनच. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या बाईनं काय मांडावं, फायली? मी पटकन म्हटलं, मोरांची चादर.

मग दाखवावीच लागली. दिवाणातून काढली, डांबरगोळ्या झटकल्या. माझ्या स्वतःच्या रुखवतासाठी भरायला घेतली होती. पांढरी दुसुती, समोरासमोर दोन मोर. पहिला पूर्ण, पिसारा पार किनारीपर्यंत. दुसऱ्याची मान हिरवी भरून झाली आणि निळा दोरा संपला, म्हणून अंग तात्पुरतं तपकिरी भरलं. वरून निळा मारू म्हटलं होतं. पिसाऱ्याच्या आधी मुहूर्त आला. माझ्या लग्नात त्या बाजूवर अनारशांचं ताट ठेवलं होतं. कुणाला कळलं नाही.

प्रेमिलाबाईंना कळलं. नेमका त्याच मोरावर हात फिरवला आणि म्हणाल्या, अशी जोडी आजपावतर कोणाच्याच रुखवतात नाही पाहिली वं माय. आमच्या वावरात येतेत, अगदी तसेच हायेत दोघं.

टोमणा. इतक्या गोड आवाजातला टोमणा मी ऑफिसातही ऐकला नव्हता.

११ ऑगस्ट
निश्चय केला. दुसऱ्या मोराचं अंग निळं आणि पिसारा पूर्ण. पंधरा दिवसांचं काम. मी एकदा हातात घेतलं की संपवल्याशिवाय ठेवत नाही.

नूपुर म्हणाली, आई, आहे तशी छान आहे ना, काहून त्रास करून घेऊन राहिली? मी म्हटलं, आधी शुद्ध बोल. मग ती दिवाणात वाकली आणि एक बाही असलेलं तिचं लहानपणीचं स्वेटर आणि निम्म्या दाराला पुरेल एवढं तोरण काढून माझ्यासमोर ठेवलं. हल्लीच्या मुलींना नोकरी करणाऱ्या बाईचे हाल कळायचे नाहीत. स्वतः नोकरी करते तरी.

आता मी रिटायर आहे. आता सबबच उरली नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार
आज दोरा आणणार होते. इतवारीच्या बाजाराकडे निघाले तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक. रस्ते बंद, माणसावर माणूस. सगळे ओरडत होते, रोगराई घेऊन जाय गे मारबत. मीही मनात म्हटलं, आमच्या घरातला आळस घेऊन जाय. (ह्यांचा.) रिकाम्या हातानं परत.

२६ ऑगस्ट
दोरा आणला. मला हवा तो निळा मिळाला नाही. दुकानदार म्हणाला, मॅडम, वो शेड तो कबका बंद हो गया. मी त्याला सांगितलं, बंद करण्याआधी विचारायला हवं होतं. जवळचा निळा घेतला. शिवाय भरतकामाची नवीन रिंग, भिंग लावलेला टेबललॅम्प, मानेखाली घ्यायची उशी. दिवा महाग निघाला. पण तयारी पूर्ण झाली म्हणजे निम्मं काम झाल्यासारखंच आहे.

१२ सप्टेंबर
गणपती झाले, महालक्ष्म्या झाल्या. महालक्ष्म्यांसमोर रिंग ठेवून हळदकुंकू वाहिलं. त्यामुळे काम सुरू झालं असंच धरते.

दुपारी प्रेमिलाबाईंचा फोन. म्हणाल्या, ईनबाई, त्या चादरीले आता हात नोका लावू बरं, आहे तशीच झकास हाये. माझ्याच्यानं होणार नाही, असं स्वच्छ सांगितलं बाईनं! वर म्हणाल्या, मी गावातल्या साऱ्या बायांले सांगून ठेवलं, ईनबाईच्या हातचे मोर पाहाले या म्हणून. भिवापूरहून अख्खी बस येणार आहे.

संपलं. आता मागे फिरता येत नाही. रात्रीचं जेवण गेलं नाही. ह्यांना म्हटलं, ॲसिडिटी.

२ ऑक्टोबर, दसरा
सीमोल्लंघन. सुई हातात घेतली.

सुया हल्ली फार बारीक भोकाच्या करतात. भिंगातून पाहिलं तर दोन भोकं दिसतात आणि दोरा दोन्हींच्या मधून जातो. हे म्हणाले, डोळे दाखव. डोळे उत्तम आहेत. शेवटी नूपुरनं सुया ओवून दिल्या. साबणाच्या जुन्या डबीत कापूस भरून तिनं एक उशी केली आहे, तिच्यात टोचून ठेवते. गाठसुद्धा मारून ठेवते. तेवढंच. बाकी काडीची मदत नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
अंग निळं भरून झालं. तपकिरी टाक्यांवर निळे टाके बसले, त्यामुळे मोर जरा फुगला. हे म्हणाले, हा जेवून आला वाटतं. ह्यांना कलेतलं काही कळत नाही. अंगाला भरदारपणा आला आहे.

नूपुरनं चादर उजेडात धरली आणि बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, आधी दोघांचे रंग वेगवेगळे होते ते गोड दिसत होते. मी म्हटलं, अर्धवट होतं ते. गोड काय त्यात?

पिसारा राहिला. फक्त पिसारा.

४ नोव्हेंबर
गांधीबागेत गेले होते. फक्त चौकशी करायला. तिथे कम्प्युटरवर भरतकाम करून देणारा एक आहे. म्हणाला, काकू, ठेवून जा, परवा घेऊन जा, पिसारा असा काढून देतो की पहिला मोर लाजेल. दर परवडणारा. कुणाला कळलं नसतं. मी पिशवीतून चादर काढली, काउंटरवर ठेवली. त्यानं ओढली. मी सोडली नाही. त्यानं परत ओढली. तो म्हणाला, काकू, सोडा ना.

का कोण जाणे, सुटलीच नाही हातातून. ती चादर घेऊन मी लग्न करून ह्या घरात आले. ती तिथे बनियनच्या गठ्ठ्यांवर पडून राहणार, हे मला बघवेना. परत आणली.

ह्यांना सांगितलं, त्याचं काम हलकं आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
आजचा प्रसंग कुणालाही सांगायचा नाही.

दुपारी एकटीच होते. पिसाऱ्याला हात बसला होता. डोळे भराभर भरत होते, म्हणजे पिसाऱ्यावरचे डोळे. बेल वाजली. उठायला गेले तर चादर माझ्याबरोबर उठली. गाऊन आणि चादर एकत्र शिवले गेले होते. मांडीवर घेऊन भरत होते ना. बेल वाजतच होती. बाहेरून आवाज, ईनबाई, झोपल्या का जी?

प्रेमिलाबाई! लग्नाच्या खरेदीला आल्या होत्या, तिखटाची पिशवी घेऊन. दार ढकलून आत आल्या (हे दूध आणायला जाताना कडी लावत नाहीत). मी चादर गुंडाळून पोटाशी धरली आणि बसून राहिले. पाणी द्यायला उठता येईना. त्याच आत गेल्या, पाणी पिऊन आल्या, माझ्यासाठीही आणलं. म्हणाल्या, बरं नाही का? मी म्हटलं, थंडी वाजतेय.

मग म्हणाल्या, चादर दाखवा न एकदा, किती दिवसांपासून डोळ्यासमोर येऊन राहिली. मी म्हटलं, आता लग्नातच. पुन्हा म्हणाल्या, एकच नजर. चादरीलाच हात घालतील की काय असं वाटलं. मी साफ नाही म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला.

त्या गेल्यावर गाऊन कापला. पिसारा वाचला.

२८ नोव्हेंबर
मेहंदी. नूपुरच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत. ओवलेल्या सुया संपलेल्या आणि पिसारा किनारीपासून वीतभर लांब. हा विचार कुणी आधी करायला नको?

ह्यांना बसवलं. ह्यांनी तासभरात एक सुई ओवली, तीही काळ्या दोऱ्यानं. नूपुर लांबून हात पसरून उभी होती आणि हसत होती. मग हसता हसता रडायला लागली. मेहंदी होती म्हणून डोळे पुसता येईनात, मी पुसले. मी म्हटलं, वाडी काही अमेरिकेत नाही. ती म्हणाली, अमेरिकेत असती तर तू व्हिडिओ कॉल तरी केला असता. म्हणजे काय? मी नेहमी करते. करणार आहे.

काळ्या दोऱ्यानं किनार मारून पिसारा तिथेच संपवला. पिसारा मिटलेला आहे, असं धरायचं. कलाकाराला तेवढी मुभा असते. झाडूसारखा दिसतो असं हे म्हणाले. पण पूर्ण झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट पूर्ण केली. इतका आनंद झाला की कुणाला सांगू कळेना, मग चादरीची घडी घालून तिच्यावरच डोकं ठेवून झोपले.

१ डिसेंबर, सोमवार
काल लग्न झालं. उत्तम झालं. रुखवताचं लिहिते आणि विषय संपवते.

चादर मधोमध टांगली होती, वर लाइटिंग. ताट ठेवायची गरज नव्हती. भिवापूरची बस आली. प्रेमिलाबाई पुढे, मागे साऱ्या बाया. उभ्या राहिल्या. बोलेनात. मला वाटलं, बोलती बंद झाली. छाती फुगली माझी.

मग प्रेमिलाबाईंनी हळूच विचारलं, लांडोर कुठं गेली, ईनबाई?

मला कळेना. त्यांनी दुसऱ्या मोरावर बोट ठेवलं. म्हणाल्या, ही लांडोर होती न जी? हिरवी मान, मातकट अंग, शेपूट नाही. वावरात मोराच्या मागं असते तशी. रुखवतात पाहावं तिथं दोन्ही मोरच मांडतेत, दोन्ही पिसारेवाले. कोणाच्या ध्यानात येत नाही, का लग्न नर अन् मादीचं असते म्हणून. पहिल्यांदा पाहिलं, कोणी लांडोर भरली. त्याच दिवशी म्हटलं मी सुशीलच्या बाबांले, या घरची पोरगी शहाणीच असंन. साऱ्या गावाले तेच दाखवाले आणलं.

मागच्या बाया चादरीकडे पाहत होत्या. मी म्हटलं, लांडोरच आहे ती. लग्न म्हणून नटवली.

प्रेमिलाबाई म्हणाल्या, नवरीले नटवाचं खरं हाये जी, पण तिचा नवरदेव काहून केला?

आधी बस हसली, मग सगळा हॉल. सुशील हसला. नूपुरसुद्धा अंतरपाटाआधीच हसली. हेही हसले, ह्यांना मी बघून घेईन. मला जमीन दुभंगून हवी होती. तेव्हा प्रेमिलाबाईंनी माझा हात धरला आणि सोडला नाही. जेवायला शेजारी बसवलं. जिलबी भरवली. इतक्या दिवसांत त्यांनी एकही टोमणा मारला नव्हता, हे मला जिलबी तोंडात असताना कळलं.

निघताना रुखवत गाडीत चढलं. लाडू, करंज्या, भांडी. चादर मात्र त्यांनी घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, पिसारा उसवून ठेवा, संक्रांतीले येतो तवा माझ्या लांडोरीले घेऊन जातो.

नूपुर गाडीत बसली. मागे वळून पाहिलं तिनं. माझ्या हातात चादर होती, त्यामुळे हात हलवता आला नाही.

३ डिसेंबर
निश्चय केला. संक्रांतीच्या आत लांडोर तयार. भरण्यापेक्षा उसवणं सोपं. आधी पिसारा, मग अंगावरचा निळा, खाली तपकिरी आहेच. मुळात माझी कल्पना तीच होती, मध्ये लोकांच्या बोलण्यात आले. दोन दिवसांचं काम.

दुपारी बसले. घरात आवाज नाही. हे पेपर वाचत होते, पानसुद्धा उलटत नव्हते. कात्री शोधताना साबणाची डबी हाती आली, उघडली.

उशी सुयांनी भरलेली. सगळ्या ओवलेल्या. निळ्या, हिरव्या, एक सोनेरी. प्रत्येकीला गाठ. दोऱ्यांना हळद लागली आहे. म्हणजे लग्नाच्या दिवशी सकाळी, हळद लागल्यावर, आंघोळीच्या आधी बसून ओवल्या पोरीनं. पुढे मला कोण ओवून देणार म्हणून.

उसवायला ओवलेली सुई लागत नाही.

एक टाका उसवला. मग चादर आणि डबी दोन्ही दिवाणात ठेवून दिली. आज उजेड बरोबर नव्हता. सगळं अंधुक दिसत होतं. तो महागाचा दिवा लावला, तरी अंधुकच.