विद्यार्थिनी बोलते, याची चालता चालता खात्री करून घेण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय परीक्षा अधिकारी,
माध्यमिक परीक्षा विभाग,
दुसरा मजला, जुनी इमारत.

विषय : ‘भूगोल व पर्यटन’ या विषयाच्या तोंडी परीक्षेतून वगळलेल्या विद्यार्थिनीस परीक्षेस बसू देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे ‘विद्यार्थिनी मूक असल्याने अपात्र’ हे पत्र, तसेच अर्जदाराचे आधीचे सर्व अर्ज, ज्यांना उत्तर आले नाही.

महोदया,

१. अर्जदार लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. त्याची एकुलती एक मुलगी यंदा दहावीला आहे. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात, कारण सकाळी डोळे उघडल्यापासून तिची टकळी सुरू असते. शाळेत मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. आठवीत नव्या शाळेत आली तेव्हा मोठ्याने वाचताना ती अडखळली आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंड मिटले ते मिटलेच. वर्गशिक्षिका मायाळू होत्या. दर तोंडी परीक्षेला पोरीची होणारी फरफट त्यांना बघवेना. तिला सूट मिळावी म्हणून त्यांनी शाळेच्या नोंदीत ‘मूक’ असा शब्द लिहिला. त्यांचा हेतू चांगला होता आणि अर्जदारानेही तेव्हा हरकत घेतली नाही. त्या बाई आता निवृत्त होऊन दूर राहायला गेल्या आहेत. शब्द तेवढा मागे राहिला आहे.

२. नववीत चिमणीने आपण होऊन ‘भूगोल व पर्यटन’ हा विषय घेतला. त्यात नकाशे असतात, बोलावे लागत नाही, अशी तिची समजूत होती. ती चुकीची निघाली हे तिचे नशीबच म्हणायचे. या विषयात प्रत्येकाला एखादी जागा फिरून दाखवावी लागते. जमीन कशी आहे, पाणी कुठून येते, माणसे इथेच का वसली, हे पाहुण्यांना सांगावे लागते. चिमणीच्या वाट्याला शाळेचे मागचे आवार आले. ती नुसता नकाशा धरून उभी राहील, असेच सगळे धरून चालले होते. भूगोलाचे सर म्हणाले, “तू पुढे चाल. आम्ही मागून येतो.” ती निघाली. पाण्याच्या टाकीला वळसा घालून भिंतीशी पोचली आणि मागे न बघता म्हणाली, “इथली जमीन मैदानापेक्षा खाली आहे, म्हणून पाणी साचतं. चपला जपा.” वर्ग हसला. या खेपेला हसण्यासारखेच होते, म्हणून हसला. ती पुढे बोलत राहिली.

३. त्या संध्याकाळी सर डोक्यावरचे हेल्मेट न काढताच अर्जदाराच्या घरी आले. “तुमची मुलगी आज बोलली,” ते म्हणाले, “आणि थांबेचना!” चिमणीची आई हातातले भांडे तसेच धरून उभी राहिली. सरांना बसा म्हणायचेही कोणाला सुचले नाही. त्यानंतर वर्षभर चिमणीने वर्गाला बाजार दाखवला, पूल दाखवला, टेकडीमागची खाण दाखवली. पुढे हेच काम करायचे, लोकांना गाव फिरवायचे, असे तिने ठरवून टाकले.

४. अशात आपल्या कार्यालयाचे पत्र आले. मूक विद्यार्थिनीला तोंडी परीक्षा देता येणार नाही, सबब तिने विषय बदलावा. विषय बदलण्याची मुदत पत्र निघण्याआधीच संपली होती. तोंडी परीक्षा नाही तर विषयात नापास, आणि विषयात नापास तर वर्ष वाया.

५. अर्जदार आपल्या आवक खिडकीशी आला. तिथल्या लिपिकांनी मूक नसल्याचा दाखला मागितला. अर्जदार डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, “ती मूक आहे असं मी कधी लिहिलंच नाही, मग नाही असं कशाच्या आधारावर लिहू?” अर्जदाराने फोनवर चिमणीचा आवाज भरून आणला. लिपिक म्हणाले, “आवाज तिचाच आहे हे कोण सांगणार?” अर्जदार म्हणाला, “ती स्वतः सांगेल.” लिपिक म्हणाले, “कसं सांगेल? ती तर मूक आहे.” लिपिक चेष्टा करत नव्हते. त्यांच्यापुढच्या कागदात तसेच लिहिले होते. सरांनी लेखी दिले, तर ते विषयशिक्षक असल्याने त्यांचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही, असे उत्तर मिळाले.

६. अखेर शाळेने चौकशी समिती नेमली. लांबलचक टेबल, त्यामागे सगळे ओळीने बसलेले, आणि समोर एका खुर्चीत चिमणी. अर्जदाराला दाराबाहेर थांबवले होते, पण दार अर्धवट उघडे होते. मुख्याध्यापक गोड आवाजात म्हणाले, “बोल बाळ, काहीही बोल.” दुसरे म्हणाले, “निदान नाव तरी सांग.” चिमणी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. मग कोणीतरी म्हणाले, “झालं. लिहा.” अर्जदाराला राहवले नाही. तो आत शिरून म्हणाला, “साहेब, ती बोलते हो!” त्यावर उत्तर आले, “मग बोलू दे की. आम्ही काय तिचं तोंड धरलंय?” अहवालात ‘तपासणीत बोलली नाही’ असे लिहून आले. जी नोंद पुसायला अर्जदार गेला होता, ती अशी पक्की झाली.

७. जिना उतरताना चिमणी एवढेच म्हणाली, “बाबा, ते सगळे माझ्याकडेच बघत होते. फिरवताना लोक मी दाखवते तिकडं बघतात.” त्यानंतर ती घरातही बोलेनाशी झाली. महोदया, वर्ष गेले तर जाऊ दे, असे अर्जदाराने मनाशी म्हणून पाहिले. पण जेवताना तिघांच्या ताटांखेरीज कसलाही आवाज येत नाही, हे आता त्याला सोसवत नाही. अर्जदाराच्या कामात, दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या माणसाशी बाहेरून बोलत राहावे लागते. आतून ‘हो’ आले की अर्धे काम झाले. या मुलीकडून ‘हो’ येणे बंद झाले आहे आणि अर्जदाराला कोणता दरवाजा ठोकावा ते कळेनासे झाले आहे.

८. काल अर्जदार हाच अर्ज लिहायला बसला होता. चिमणी मागून वाचत होती. एकाएकी ती म्हणाली, “त्या अधिकारी बाईंनी स्वतःचं ऑफिस तरी नीट पाहिलंय का?” आईने स्वयंपाकघरातून धावत येऊन विचारले, “काय म्हणालीस?” चिमणी म्हणाली, “मी दाखवते त्यांना.” आपल्या पदाचा अनादर करण्याचा तिचा हेतू नव्हता. अर्जदार आपल्या आवक खिडकीसमोरच्या रांगेत उभा असायचा, तेव्हा सोबत आलेली चिमणी खाली बसून न राहता कार्यालयाच्या आवारात हिंडत असे, हे त्याला काल समजले.

९. तरी हात जोडून विनंती की, तिला आपल्यासमोर खुर्चीत बसवू नये. आपण खाली यावे आणि तिच्या मागून चालावे. तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिचा हात जाईल तिकडे बघावे. ती थांबली तर आपणही थांबावे, ‘बोल, बोल’ म्हणू नये. एवढे करूनही ती बोलली नाही, तर अर्जदार पुन्हा आपल्या दारात येणार नाही.

हा कागद अर्जदार खिडकीत देत असताना चिमणी खाली आवारात उभी आहे. कार्यालय बंद होईपर्यंत ती तिथून हलणार नाही.

आपण जिना उतराल या एकाच आशेवर,
आपला नम्र,
(सही)
विद्यार्थिनीचे वडील

दिनांक : तोंडी परीक्षेच्या आधीचा सोमवार

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) भूगोलाच्या सरांचे लेखी म्हणणे, जे ग्राह्य धरता येत नाही ते.
३) आपल्या आवाराचा विद्यार्थिनीने काढलेला नकाशा. बाण जिथून सुरू होतो, तिथे ती उभी आहे.

(समासात, हिरव्या शाईत, अधिकाऱ्यांचा शेरा)

खाली जाऊन आले. मागच्या जिन्याखालून ओढा वाहतो हे मला इतकी वर्षे माहीत नव्हते. विद्यार्थिनीस तोंडी परीक्षेस बसवावे, नोंद दुरुस्त करावी. आवक लिपिकांनी काम ठेवून खाली जावे. ती अजून दाखवते आहे.